लसूण, गुग्गुळ आणि आमचे भाबडे काळीज

शिगम्याच्या आधीच्या एका रविवारी आमच्या गावच्या देवळाच्या अग्रशाळेत एक व्याख्यान झाले. विषय होता ‘गोळीशिवाय कोलेस्टेरॉल’. अग्रशाळेत एरवी पंगती उठतात, सप्ताहाला आलेली भजनी मंडळी पाठ टेकतात, नाटकाच्या तालमी होतात; त्या दिवशी तिथे प्रोजेक्टर लागला होता. गर्दी अशी, की एखाद्या कीर्तनकाराला हेवा वाटावा. वक्ते दीड तास बोलले. स्टॅटिन नावाची गोळी म्हणजे परदेशी कंपन्यांचा कट. ती स्नायू खाते, स्मरणशक्ती खाते, मधुमेह लावते. तिला पर्याय आपल्या स्वयंपाकघरातच आहे आणि त्याला साइड इफेक्ट म्हणून काही नाही. शेवटी तो पर्याय टेबलावर मांडला गेला. काळपट काढ्याची बाटली, महिन्याला अठराशे रुपये. स्वयंपाकघरातली वस्तू बाटलीत शिरली की एवढी महाग का होते, हे कुणीच विचारले नाही. मीही नाही. मी मागच्या बाकावर बसून चहा पीत होतो.

पुढच्या रांगेत माझा चुलतभाऊ होता. मी त्याला दादा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्याची अँजिओप्लास्टी झाली होती, एक स्टेंट बसवला होता. दादाने दोन बाटल्या घेतल्या आणि त्याच रात्री गोळी बंद केली. मला म्हणाला, “पायांत गोळे येतात रे, कितें करूं? डॉक्टर म्हणतो वय झालां.” मी चार शब्द सांगितले, त्याने ऐकले नाहीत, मीही फार ताणले नाही. चवथीच्या आदल्या दिवशी शिडीवर चढून माटोळी बांधताना त्याच्या छातीत कळ आली. वाचला. आता दुसरा स्टेंट आहे.

एका माणसाच्या झटक्याने काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. गोळी घेणाऱ्यांनाही झटके येतात आणि न घेणारे नव्वदी गाठतात. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते दादाच्या छातीवर हात ठेवून नव्हे, हजारो माणसांवर झालेल्या चाचण्यांवर हात ठेवून. पण लिहायला बसलो तो दादामुळे, हे लपवत नाही.

आधी माझ्या विरुद्ध बाजूचे म्हणणे मान्य करून टाकतो, कारण ते खोटे नाही. स्टॅटिनला दुष्परिणाम आहेत. २००१ च्या ऑगस्टमध्ये सेरिव्हास्टॅटिन नावाचे स्टॅटिन जगभरच्या बाजारातून मागे घ्यावे लागले, कारण स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होण्याच्या घटनांत माणसे मेली होती. आज वापरात असलेल्या स्टॅटिनने तसे होणे अतिशय दुर्मीळ, पण शून्य नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्याला मोठ्या मात्रेची गोळी उंबरठा ओलांडायला थोडी मदत करते, हेही खरे. आणि पायांत गोळे येतात म्हणणाऱ्या पेशंटला ‘वय झाले’ म्हणून वाटेला लावणारे डॉक्टर आहेत, हे तर मी स्वतः भोगले आहे.

माझे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १७८ निघाले होते. मोठ्या मात्रेची अटोर्व्हास्टॅटिन सुरू झाली. तीन महिन्यांत मांड्या दुखू लागल्या. जिना उतरताना कठड्याला धरावे लागे. डॉक्टरसाहेबांना सांगितले. त्यांनी मान वर न करता ‘चालायचेच’ म्हटले आणि पुढचा नंबर पुकारला. मी काय करणार? घरी येऊन शहाण्यासारखी गोळी बंद केली आणि खुळ्यासारखी लसूण सुरू केली. रोज अनशापोटी तीन पाकळ्या. बायको चार हात लांब बसायची. चार महिन्यांनी रक्त तपासले, एलडीएल पुन्हा जिथल्या तिथे.

त्या एका ‘चालायचेच’मधून अग्रशाळेतली अर्धी गर्दी तयार होते, असे माझे स्पष्ट मत आहे. वैद्यकाने ज्याला दोन मिनिटे दिली नाहीत, त्याला बाटलीवाला दीड तास देतो. माणूस ऐकणाऱ्याकडे जाणारच.

पण दुखते म्हणजे गोळीनेच दुखते, हे कशावरून? लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये एक छोटी पण फार हुशारीची चाचणी झाली, तिचा निकाल २०२० साली आला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० लोक घेतले. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बाटल्या दिल्या: चार महिने खरी गोळी, चार महिने हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी, चार महिने रिकामी बाटली, आणि क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. रोज आपल्या त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. काहीच न घेतलेल्या महिन्यांत सरासरी ८ गुण. खऱ्या स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. आणि पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४! म्हणजे त्रास खराच होता, कुणी नाटक करत नव्हते. पण त्यातला नव्वद टक्के गोळी घेण्याच्या धास्तीचा होता, गोळीतल्या औषधाचा नव्हे. हा निकाल दाखवल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले. २०२२ साली मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिले, तेव्हाही हेच दिसले: स्नायू दुखतात म्हणणारे स्टॅटिनच्या गटात २७.१ टक्के, पोकळ गोळीच्या गटात २६.६ टक्के. जो काही जादा त्रास होता तो मुख्यतः पहिल्या वर्षात.

हे वाचले तेव्हा मला माझ्या मांड्यांची थोडी लाज वाटली, हे कबूल करतो. अग्रशाळेतल्या दीड तासाचे महत्त्वही तेव्हाच कळले. ‘ही गोळी स्नायू खाते’ हे वाक्य दोनशे माणसांसमोर उच्चारणे म्हणजे दोनशे मांड्यांत दुखणे पेरणे आहे.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे येऊ. आमच्याकडे या शब्दाला देवाच्या प्रसादाचा मान आहे. मग स्टॅटिन कुठून आले? जपानमध्ये अकिता प्रांतातल्या शेतकरी घराण्यातला अकिरा एंडो नावाचा शास्त्रज्ञ बुरशींच्या मागे लागला होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार बुरशी व सूक्ष्मजीव तपासले. क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची निळसर बुरशी, पेनिसिलियम सिट्रिनम, हिच्यात १९७३ च्या सुमारास त्याला पहिले स्टॅटिन सापडले. तांदळावरची बुरशी! शीतकडी खाणाऱ्या आम्हा गोंयकारांना याहून जवळचे नैसर्गिक काय हवे? एंडो २०२४ च्या जूनमध्ये, नव्वद वर्षांचा होऊन वारला. आमच्या वर्तमानपत्रांत त्याच्यासाठी दोन ओळी शोधाव्या लागल्या.

आणि गंमत पुढेच आहे. ‘स्टॅटिन नको, लाल बुरशीचा तांदूळ घ्या’ म्हणून ज्या कॅप्सूल विकल्या जातात, त्यांतला काम करणारा घटक मोनाकोलिन के हा रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच आहे. १९८७ साली अमेरिकेत बाजारात आलेले पहिले स्टॅटिन. म्हणजे स्टॅटिन सोडून माणूस स्टॅटिनच घेतो, फक्त किती घेतो ते त्याला माहीत नसते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये या मोनाकोलिनवर रोजच्या तीन मिलिग्रॅमच्या आत अशी मर्यादा घातली. २०२४ च्या मार्चमध्ये जपानमध्येच लाल तांदळाच्या गोळ्यांत पेनिसिलियम जातीच्या दुसऱ्याच बुरशीचे विष शिरले, आणि मूत्रपिंडाच्या तक्रारीने शेकडो माणसे इस्पितळात गेली. बुरशी तीच जात. फरक कारखान्यात कोण काय मोजते याचा.

लसणीचेही सांगतो, कारण ती मी खाल्ली आहे. २०२२ साली अमेरिकेत १९० लोकांवर एक तुलना झाली. एका गटाला रोझुव्हास्टॅटिनची सर्वांत लहानांपैकी, ५ मिलिग्रॅमची गोळी. बाकीच्या गटांना माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतीतील स्टेरॉल, लाल तांदूळ, आणि एकाला पोकळ गोळी. अठ्ठावीस दिवसांत स्टॅटिनने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरले. बाकीच्यांपैकी एकही पोकळ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. लसणीच्या गटात तर ते पोकळ गोळीच्या तुलनेत वाढले. लसूण फोडणीत घालावी. काळजावर तिची जबाबदारी टाकू नये.

गुग्गुळाबद्दल मात्र मला खरेच वाईट वाटते. कारण ती कहाणी बाटलीवाल्याची नाही, आपल्या शास्त्रज्ञांची आहे. सुश्रुतसंहितेतले मेदोरोगाचे वर्णन वाचून जी. व्ही. सत्यवती या बाईंनी बनारस हिंदू विद्यापीठात गुग्गुळावर काम केले, १९६६ साली प्रबंध सादर केला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यातून गुग्गुलिपिड घडवले आणि ऐंशीच्या दशकात ते भारतात औषध म्हणून मान्य झाले. सुरुवातीचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे होते. मग २००३ साली अमेरिकेत १०३ लोकांवर आठ आठवड्यांची काटेकोर चाचणी झाली आणि एलडीएल उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी चढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. ग्रंथात शोधणे चूक नव्हते. शोधून, मोजून, नाही म्हटले तर नाही म्हणणे, ही त्याच वाटेची पुढची पायरी आहे. अग्रशाळेत सुश्रुताचे नाव तीनदा निघाले, २००३ चे एकदाही नाही.

याच्या उलट एक गोष्ट आपल्या परसातली. भिरंडांचे झाड कोणाच्या कुळागरात नाही? गार्सिनिया कुळातल्या फळांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. ते १९६५ साली म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी भिरंडाच्या भावंडात, मलबारी चिंचेत, नेमके ओळखले. आपल्या सोलांतही ते आहे. पुढे अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात लोवेनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की हे आम्ल यकृतातले एक एन्झाइम अडवते: एटीपी सायट्रेट लायेज. चरबी आणि कोलेस्टेरॉल बनवण्याच्या वाटेवरचा हा सुरुवातीचा टोलनाका. आता ऐका. स्टॅटिन न सोसणाऱ्यांसाठी अमेरिकेत २०२० साली मान्य झालेले नवे औषध, बेम्पेडोइक आम्ल, नेमका हाच टोलनाका बंद करते!

बाटलीवाल्याला हे कळले तर तो उद्याच ‘सोलकढी हेच बेम्पेडोइक’ म्हणून फलक लावील. पण कळीचा भाग पुढे आहे. सोलांच्या आम्लाने परीक्षानळीत जे केले ते माणसाच्या पोटात गेल्यावर भरवशाने केल्याचे दिसलेले नाही. आणि गार्सिनियाच्या अर्काच्या वजन उतरवणाऱ्या कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. बेम्पेडोइक आम्ल मात्र असे घडवलेले आहे की ते यकृतात पोचल्यावरच जागे होते. त्याला जागे करणारे एन्झाइम हातापायांच्या स्नायूंत नाही. म्हणून स्नायूंच्या तक्रारीसाठी ते मुद्दाम तपासले गेले: स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळजवळ चौदा हजार लोकांवर. निकाल २०२३ मध्ये आला. एलडीएल सुमारे २१ टक्क्यांनी कमी, झटका, पक्षाघात, स्टेंट वगैरे मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी. दुष्परिणाम? आहेत. संधिवाताचा एक प्रकार, गाऊट, पोकळ गोळीवाल्यांत २.१ टक्के तर या औषधावर ३.१ टक्के, पित्ताशयाचे खडे १.२ ऐवजी २.२ टक्के. मला हे औषध याच आकड्यांमुळे विश्वासाचे वाटते. ज्याच्या बाटलीवर ‘दुष्परिणाम शून्य’ लिहिले आहे, त्याने परिणामही मोजलेला नसतो.

भारतात हे औषध मिळते. तरी आमच्या अग्रशाळेत कुणी त्याचे नाव ऐकले नव्हते. पर्याय मागणाऱ्या माणसापर्यंत खरा पर्याय पोचतच नाही, खोटा दारात येतो, हा माझा मुख्य राग आहे.

दुसरा खरा पर्याय त्याहून जुना. एझेटिमाइब, २००२ पासून. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे अडवते, एलडीएल अठरा-वीस टक्के उतरवते, आणि बहुतेकांना सोसते. २०१५ साली अठरा हजारांहून जास्त हृदयरुग्णांच्या चाचणीत स्टॅटिनला त्याची जोड दिली तेव्हा सात वर्षांत घटना ३४.७ वरून ३२.७ टक्क्यांवर आल्या. आकडा लहान दिसतो. पण आधीच स्टॅटिनवर असलेल्यांतली ही जादा बचत आहे. तिसरा पर्याय इंजेक्शनांचा. २००६ साली हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी दाखवले की ज्यांच्यात पीसीएसके९ हे जनुक जन्मतः निकामी असते त्यांचे एलडीएल आयुष्यभर कमी राहते आणि हृदयविकारही फार कमी होतो. त्यावरून निघालेली इंजेक्शने, दोन आठवड्यांनी किंवा सहा महिन्यांनी घ्यायची, एलडीएल अर्ध्यावर आणतात. किंमत ऐकून मात्र दुसरे इंजेक्शन घ्यावे लागेल. ती ज्यांचे कोलेस्टेरॉल घराण्यातूनच आलेले आहे किंवा ज्यांना दुसरे काहीच पुरत नाही, त्यांच्यासाठी.

आणि या सगळ्याच्या आधी एक बिनखर्ची पायरी आहे, जी माझ्या पहिल्या डॉक्टरने चढलीच नाही. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी थायरॉइड पाहिले, कारण थायरॉइड मंद असले की कोलेस्टेरॉलही वाढते आणि स्नायूही दुखतात. मग स्नायूंचे एन्झाइम आणि ड जीवनसत्त्व तपासले. मग महिनाभर सगळे थांबवून, गोळी बदलली आणि मात्रा उतरवली. त्यांनी सांगितले की स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरते. म्हणजे मात्रा कमी केली तर गमावतो थोडे आणि वाचवतो बरेच. आज मी ५ मिलिग्रॅम रोझुव्हास्टॅटिन आणि १० एझेटिमाइब घेतो. एलडीएल ७४. मांड्या शांत.

आता नारळ, नाहीतर वाचक मला घरात घेणार नाहीत. वक्त्यांनी रोज सकाळी दोन चमचे खोबरेल तेल प्यायला सांगितले होते. २०२० साली सोळा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सरासरी दहा मिलिग्रॅमने वाढलेले आढळले. चांगले कोलेस्टेरॉलही चार वाढले, पण त्याने हिशेब फिटत नाही. खोबरेल तेलाचा बराच मोठा भाग, ८० टक्क्यांहून जास्त, संपृक्त चरबीचा आहे. याचा अर्थ हुमणातला रस टाकून द्या असा मी काढत नाही. हुमण हे जेवण आहे, त्यात मासळी आहे, सोलां आहेत, वर शीत आहे. तेलाचा चमचा हे औषध म्हणून घेतले जाते, आणि औषध म्हणून ते उलटे आहे. आमची आजी ताटात नारळ वाढायची, तेलाचा प्याला भरत नसे.

जेवणाने कोलेस्टेरॉल उतरतच नाही असेही नाही. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ मध्ये ४६ लोकांना महिनाभर ठरावीक जेवण दिले: ओट्स आणि बार्ली, इसबगोल, सोयाबीन, बदाम, वनस्पती स्टेरॉल, आणि चिकट तंतूंसाठी भेंडी व वांगी! एलडीएल २८.६ टक्के उतरले. लोव्हास्टॅटिनच्या गटात ३०.९. सात शिरांची भेंडी आणि आगशीची वांगी ज्यांच्या बाजारात येतात त्यांनी हे वाचून मिशीला पीळ द्यायला हरकत नाही. पण २०११ साली तेच जेवण लोकांनी आपापल्या घरी सहा महिने करून पाहिले, तेव्हा घट तेरा-चौदा टक्क्यांवर आली. घर ते घर. पाहुणे येतात, लग्ने येतात, चवथीच्या नेवऱ्या येतात. ज्याचे एलडीएल किंचितच वाढलेले आहे आणि काळजाला अजून काही झालेले नाही, त्याला हे तेरा टक्के खूप झाले. स्टेंट असलेल्या माणसाला ते पुरत नाहीत. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये अशा फार मोठ्या जोखमीच्या रुग्णाचे एलडीएल ५५ च्या खाली हवे म्हटले आहे. दादाचे, बाटलीनंतर, १४९ होते.

आता त्याला त्याच बाईंकडे नेले. त्याची गोळी बदलली, एझेटिमाइब जोडली, तीन महिन्यांनी पाहून लागले तर बेम्पेडोइक. बिल पाहून दादा म्हणाला, “बाटले परस सवाय.” बाटलीपेक्षा स्वस्त.

परवा त्याच्याकडे गेलो तेव्हा बाटली फडताळात तशीच, अर्धी भरलेली. वहिनी ओतून टाकणार होती. म्हटले थांबा, वाचू तर दे. चष्मा लावून लेबल उलटसुलट वाचले. वर हृदयाचे चित्र, खाली ‘शुद्ध नैसर्गिक, दुष्परिणामरहित’. घटकांच्या जागी एकच ओळ: पारंपरिक गुप्त सूत्र. मात्रा, बॅच, कधी बनवले, कुठे बनवले, काहीच नाही. फोन नंबर होता. तो लावून पाहिला. बाईंचा गोड आवाज म्हणाला, पुढच्या रविवारी शेजारच्या गावात व्याख्यान आहे, येताना बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही घेऊन या.